पहिलं नाव कुणाचं

नेरूळ, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शौनकचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. पाकीट नव्हतं, तिकीट नव्हतं, असली कारणं रिटायर्ड पोस्टमास्तरला सांगण्यात अर्थ नाही. खरं कारण असं की तुम्ही पहिलाच प्रश्न महाप्याच्या नोकरीचा विचारणार, आणि महाप्याला मी पोचलोच नाही. म्हणजे पोचलो, पण मुलाखतीपर्यंत नाही. आयटी पार्कच्या अलीकडे हिमाचलच्या नंबरचा एक ट्रक सफरचंदं घेऊन उभा होता. ड्रायव्हर रामपूरचा. त्या रामपूरला मी अख्खा पावसाळा एका ढाब्यावर भांडी घासलीत. हे ऐकल्यावर त्यानं चहा सांगितला, मग त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची भानगड निघाली, आणि ती संपेपर्यंत मुलाखत घेणारे लोक जेवायला निघून गेले होते. सफरचंदं मात्र फक्कड होती. आत्यानं आधी दोन खाल्ली आणि मग मला झापलं.

आत्याची तब्येत बरी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा वॉकर सुटला, काठी आली. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारते. वॉचमन हौसेराव तिला बघून उठून उभा राहतो, ती त्याला बसायला सांगायला थांबते, मग त्याच्या मुलीच्या अभ्यासाचं विचारते, त्यामुळे एका फेरीला भजी तळून होतील एवढा वेळ लागतो. जिने मात्र वर्षभर बंद. आणि घोडं तिथंच पेंड खातंय.

बाबा, आत्या मानसोपचाराची डॉक्टर आहे एवढंच मला ठाऊक होतं. ती नेमकं काय करते ते इथं आल्यावर कळलं. वीस वर्षांपूर्वी तिनं करावे, शिरवणे आणि आसपासच्या गावांतली अशी घरं शोधली जिथं कुणाला तरी स्किझोफ्रेनिया झाला होता. दर पाच वर्षांनी त्या प्रत्येक घरी जायचं आणि तो माणूस कसा आहे ते बघायचं. चार फेऱ्या झाल्या. शेवटची राहिलीय. पहिल्या फेऱ्यांत तिला असं दिसलं की ज्या घरानं आजारी माणसाला काहीतरी काम नेमून दिलं होतं, जाळं सांधायचं, मिठागरावर डबा पोचवायचा, आणि ज्याला सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसवलं, तो औषधावर टिकला. आता मिठागरं नाहीत, शेतांवर टॉवर आलेत, घरं भाड्यावर चालतात. मग त्या माणसाच्या हाताला काम काय उरलं? हे तिला बघायचंय. नुसतं बघायचंय नाही बाबा, ती झोपेतून उठल्यावर आधी हेच बोलते.

मला ती एकदा रिक्षानं करावे गावात घेऊन गेली. घराचं खरं नाव लिहायचं नाही असं तिनं बजावलंय, तेव्हा आपण म्हातारीला पुतळाबाई म्हणू आणि मुलाला धर्मराज. पूर्वी कौलारू घर होतं, आता तीन मजले आणि वर भाडेकरू. धर्मराज पन्नाशीचा असेल. सकाळ-संध्याकाळ पाण्याची मोटर तो चालू करतो आणि टाकी भरली की बंद करतो. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला तर दिवसभर जेवत नाही. आत्या हे ऐकून एवढी खूश झाली की पुतळाबाई घाबरली. तिनं मला विचारलं, "कोनाचा रं तू? डाक्टरीन बाय आशी हसते कशाला?"

आता मुद्दा. या शेवटच्या फेरीला मदत देऊ शकेल अशी एक संस्था आहे. दोन तरुण डॉक्टर, त्यांचा पगार, जाणंयेणं, सगळं. घरच्या मुलाखती मानसोपचाराच्या डॉक्टरनंच घ्यायच्या असा या अभ्यासाचा नियम आहे, आणि आत्याला जिने नाहीत, तेव्हा या मदतीशिवाय फेरी होत नाही. अर्जात तिच्या लेखांची माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात दुसरं कुणी नाही. लेख एकाहत्तर. पण ज्यात तिचं नाव पहिलं, असे सहा! संस्थेच्या निवड समितीला पहिल्या नावाचे लेख लागतात, कारण ज्याचं नाव पहिलं त्याचा तो लेख मानतात. मला वाटलं कॉम्प्युटर गंडलाय. आत्या म्हणाली, बरोबर आहे. तिच्या विभागात पहिल्यापासून नियम होता, जो उंबरा ओलांडून घरात गेला त्याचं नाव पहिलं. ती नुसती टेबलाशी बसली असेल तर तिचं नाव मध्ये कुठंतरी, नाहीतर आभारात.

तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. "तो जेवायला कोणाबरोबर बसतो?" हा त्यातला पहिला प्रश्न. जगभर वापरतात. ती आत्यानं याच डायनिंग टेबलावर तयार केली, पण घरोघर घेऊन फिरला तिचा विद्यार्थी रूपेश पाटील, म्हणून ती झाली पाटील प्रश्नावली. ब्राझीलमधल्या कुणीतरी तिच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्यात आत्या आभारात आहे, एका ओळीत, आणि ती ओळ तिनं मला कौतुकानं दाखवली. हे रूपेश पाटील आता पुण्याला मोठे प्रोफेसर आहेत. आणि ऐका, या समितीचे अध्यक्षही तेच आहेत.

निकाल डिसेंबरात. तुम्ही काय म्हणता ते कळवा. तुमच्या दोन्ही कानांना आणि एका खोकल्याला नमस्कार.

तुमचा,
शौनक

देवरुख
२७ नोव्हेंबर २०२४

चि. शौनक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. तिकीट उलटे लावले होतेस, तरी पोचले. सफरचंदवाल्याशी तुझे जमले हे वाचून नवल वाटले नाही. तुला जिथे पोचायचे असते तिथे जाण्याच्या वाटेवर नेहमीच कोणीतरी रामपूरचा भेटतो. नोकरीचे मी आता विचारणार नाही. महिन्यातून एकदाच विचारीन.

अरुणाचे वाचले आणि जेवण गेले नाही. तिचा स्वभाव आजचा नव्हे. आम्ही शाळेत असताना गणपतीचे मखर तिने कापले, चिकटवले, रंगवले. पेठेतून ते डोक्यावर वाहून आणले शेजारच्या दत्तूने. तालुक्यात बक्षीस लागल्यावर हिने दत्तूचे नाव सांगितले, म्हणे वाटेत वाऱ्याशी तोच झगडला. दत्तूने पितळी तांब्या घरी नेला. त्याच्या नातसुना अजून त्यात पाणी भरतात. आमच्या आईने तिला दोन दिवस धारेवर धरले होते आणि अरुणा आपली शांत. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

पोस्टात अडतीस वर्षे काढली. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नसेल आणि पत्ता चुकला, तर ते पत्र परत कुठे द्यायचे हे देवालाही कळत नाही. बेवारस म्हणून एका खोलीत पडते. तुझ्या आत्याने आयुष्यभर अशी पत्रे पाठवली. आता म्हातारपणी ती खोली उघडायची वेळ आली, तर तिला कोणी ओळख द्यायला नको का?

म्हणून सांगतो ते कर. ज्यांची नावे पहिली लागली त्या सर्वांना तू लिही. ते आज प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले. एकेकाने समितीला चार ओळी कळवाव्या की काम बाईंचे होते. अरुणाला विचारू नकोस. विचारलेस तर ती नको म्हणेल. या पाटलालाही लिही. उंबऱ्याच्या आत त्याला कोणी पाठवले, हे त्याला आठवत असेल तर बरे.

सोबत अमसुले पाठवत आहे. सोलकढी तिला करायला लावू नकोस, तूच कर. माझी माया आहेच, ती तुझ्या वागण्यावर अवलंबून ठेवलेली नाही, हे नशीब समज.

तुझा,
बाबा

नेरूळ
२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. नाही मिळालं. समितीनं कळवलंय की अभ्यास मोलाचा आहे, पण प्रमुख संशोधकाच्या पहिल्या नावाच्या लेखांची संख्या अटीत बसत नाही. खाली अध्यक्षांची सही. डॉ. रूपेश पाटील.

तुम्ही सांगितलं ते मी केलं होतं. सगळ्यांना ईमेल केले, रात्री आत्या झोपल्यावर. माझं मराठी तुम्हाला माहितीय, इंग्रजी त्याहून थोर, पण मनापासून लिहिलं. थोड्यांची उत्तरं आली. काहींनी "नक्की बघतो" एवढं लिहिलं, त्यावरून मला कळलं की ते बघणार नाहीत. नाशिकच्या डॉक्टर निशिगंधाताईंनी मात्र समितीला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात शिरवण्यात कुत्रा मागं लागला होता तेही घातलं. आणि पाटील? एक ओळ. "समितीचा अध्यक्ष या नात्याने मला या विषयावर बोलता येणार नाही." खाली नमस्कारसुद्धा नाही.

पुढचं ऐका. निकाल कळल्यावर निशिगंधाताईंनी न राहवून आत्याला फोन केला, मॅडम, तुमच्या भाच्यानं लिहिलं ते बरं केलं. आत्यानं फोन शांतपणे ऐकून घेतला. मी तेव्हा सोलकढी गाळत होतो. ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडत नाही हेच बेकार आहे बाबा. ओरडली असती तर मी तुमचं नाव सांगून मोकळा झालो असतो. नंतर सांगितलंच. तिनं एवढंच म्हटलं, "दिलेलं परत मागितलंस तू, माझ्या नावानं."

मग तिनं मला बसवून प्रत्येकाला पुन्हा ईमेल करायला लावला. मजकूर तिनं सांगितला. आधीचा ईमेल माझ्या भाच्यानं मला न विचारता, माझ्या काळजीपोटी केला आहे, तुमच्या नावावरचं काम तुमचंच आहे, कृपा करून यापुढे समितीला काही लिहू नका. पाटलांनाही तोच. मी म्हटलं, यांना तरी दोन शब्द कडक लिहू. ती म्हणाली, अटी त्यानं एकट्यानं केल्या नाहीत, आणि माझ्यासाठी त्या वाकवल्या असत्या तर मीच त्याला झापलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून खाडीकडे बघत बसली. सध्या तिथं रोहित पक्षी उतरलेत, लांबून गुलाबी वाळवण घातल्यासारखे दिसतात. कॅमेरे घेऊन लोक येतात, त्यातला एक पोपट नावाचा गडी मला म्हणाला, कच्छला चल, तिथं त्यांची घरटी असतात. मी जवळजवळ निघालोच होतो. बॅगेत दोन शर्ट भरलेसुद्धा.

पण संध्याकाळी आत्यानं मला हाक मारून गावांचे नकाशे काढायला सांगितले. अभ्यासाची परवानगी मार्चअखेरपर्यंत आहे. ती म्हणाली, डॉक्टर मिळेल तेव्हा मिळेल, निदान कोण कुठं आहे ते तरी शोधून ठेवू. शोधायला डॉक्टर लागत नाही, पाय लागतात. ते तुझ्याकडे आहेत आणि रिकामे आहेत.

शर्ट परत कपाटात ठेवले. मी रोज फिरतोय. बूट फाटत आलेत.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
शौनक

नेरूळ
२८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
अरुणाचा सा. न. वि. वि.

शौनकने सर्व सांगितले आहे, तेव्हा तू साळसूद होऊ नकोस. कान गेले तरी तुझी कारस्थाने गेली नाहीत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी पोराला पुढे करून मागून ढोल वाजवतोस.

रागावले होते. आता रागावलेली नाही, म्हणून लिहिते आहे. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. समितीने मला भेटायला बोलावले होते, तिथे एका तरुण बाईने माझ्या लेखांचा तक्ता माझ्याकडे फिरवला आणि फार सभ्यपणे विचारले, मॅडम, यात तुमचे काम कोणते? मला चटकन सांगता आले नाही. घरी येताना रिक्षात उत्तरे सुचत राहिली.

पण दादा, तुझी बेवारस पत्रांची गोष्ट इथे लागू पडत नाही. शिरवण्यात पहिल्यांदा मुले गेली तेव्हा लोकांनी दारे लावून घेतली. आमच्या घरात वेडे कोणी नाही, असे म्हणत. एका मुलावर तर खरकट्या पाण्याची बादली आली. परत जायला कोण तयार होते? मी त्यांना सांगितले, जो परत जाईल त्याचा हा लेख. तेव्हा ती गेली. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी दारे उघडली, पाटावर बसवले, माशाचे कालवण वाढले. रूपेश शाकाहारी होता, तिथे खायला शिकला. मी माझे नाव पुढे लावले असते तर ती मुले दोन लेखांनंतर घरी बसली असती, आणि माझ्यापाशी नुसते नाव उरले असते. विचारायला घरे उरली नसती.

नाव मागे राहिल्याने मला काहीच कमी पडले नाही. आता एवढेच कमी पडते आहे की ही शेवटची फेरी राहून जाईल, आणि वीस वर्षे ज्या घरांनी आपली दुखणी आमच्यापुढे ठेवली, त्यांना मी शेवटी काही सांगू शकणार नाही. हे मात्र मला लागते. फार लागते.

तुझा मुलगा बरा आहे. ज्या घरी पत्ता विचारायला जातो तिथे तासभर बसतो, म्हशीपासून मेट्रोपर्यंत सगळे बोलतो आणि पत्ता विचारायचे विसरून येतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. या कामाला असाच माणूस लागतो, हे मला आता या वयात कळले. तू त्याला नोकरी विचारू नकोस, निदान मार्चपर्यंत.

प्रकृती सांभाळ. आपल्या जुन्या भांडणांसकट प्रेम आहे तसेच राहू दे.

तुझी,
अरुणा

देवरुख
६ जानेवारी २०२५

चि. अरुणा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. चुकले. यापुढे लिहिणार नाही. मखराबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

एक शंका. तुझ्या नियमाने पाहता या खेपेस उंबरे शौनक ओलांडतो आहे. म्हणजे बारावीनंतर कॉलेजातून पळालेला, पाच राज्यांत भांडी घासलेला आमचा मुलगा वैद्यकाच्या मासिकात पहिल्या नावाने छापून येणार? तसे झाले तर माझ्या जुन्या ऑफिसात ते लावू देतील का, याची मी चौकशी करून ठेवतो. तोवर कोणाला सांगत नाही. फक्त समोरच्या सुभाषला सांगितले आहे, म्हणजे देवरुखला कळले आहे.

तुला डॉक्टर मिळो. कुलदेवतेला सांगितले आहे, पण तिच्या ओळखी डॉक्टरांत फारशा असतील असे वाटत नाही. तो पाटील मेला कोडगा निघाला याचे मला अजून वाईट वाटते. गुडघ्याला जप.

दोघांवर माझी माया आहे, ती मोजून वाटून घ्या.

तुझा,
दादा

नेरूळ
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शौनकचा सा. न. वि. वि.

लेखात पहिलं नाव माझं वगैरे काही नाही. आत्या म्हणाली, पत्ते शोधले म्हणून उंबरा ओलांडला असं होत नाही, मुलाखत घेतली तर. तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या भिंतीवर जागा धरली असेल तर सोडून द्या, आणि सुभाषकाकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

पण शोधण्याचं काम झालंय. जवळजवळ सगळी घरं सापडली. काही पनवेलकडे गेलीत, एक कुटुंब गव्हाणला. काही माणसं वारली. त्यांची नावं मी आत्याला एकेक करून सांगितली, तिनं प्रत्येकाचं काहीतरी आठवून सांगितलं. हा गाणं म्हणायचा, ही कोळंबी सोलायला बसली की कुणाला बोलू द्यायची नाही. शिरवण्यात एक बाई भेटल्या, त्यांना आपण बयाबाई म्हणू, त्यांच्या भावाला आजार. घरात चार गाळे भाड्यानं, पैसा भरपूर, आणि भाऊ वरच्या खोलीत. जेवण वरच जातं. बाई मला म्हणाल्या, "काम ना धंदा, तो करल तरी काय? पयलं जाली विनायचा." मी आत्याला सांगितलं. हेच तिला विचारायचं होतं ना.

दारं उघडी आहेत बाबा. लोक म्हणतात, या, डाक्टरीन बायचं मानूस म्हनजे घरचंच. पण मी पाठवायचं कुणाला? निशिगंधाताई फेब्रुवारीत दोन दिवस येऊ शकतात. दोन दिवसांत एक गल्ली होईल. आत्यानं काल नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवले. मला म्हणाली, तुला कच्छला जायचं होतं ना, जा आता. मला जायचं होतंही, आणि पाय निघेना. असं माझं पहिल्यांदाच होतंय.

तर मी आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो, कच्छचं तुम्हाला सांगावं म्हणून, आणि मध्येच हौसेरावाचा खालून इंटरकॉम. कुणी पाटील डॉक्टर आलेत, वर सोडू का? मी नको म्हणणार होतो. शपथ. आत्यानं आतून विचारलं कोण आहे, मी सांगितलं, ती म्हणाली, येऊ दे.

पुण्याचे मोठे प्रोफेसर म्हणून मी सूटबूट गृहीत धरून बसलो होतो. दारात एक टक्कल पडलेला, उन्हाची टोपी घातलेला माणूस. पायात कापडी बूट. खांद्यावरच्या पिशवीत चार कप्प्यांचा डबा, पाण्याची मोठी बाटली. वाकून आत्याच्या पाया पडले. आत्यानं बसायला सांगितलं, बसले नाहीत. दोन आठवड्यांची रजा टाकलीय म्हणाले, सानपाड्याला बहिणीकडे उतरलेत. पुढं मार्चपर्यंत महिनाअखेरचे शनिवार-रविवार येणार. आत्यानं समितीचं काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "मॅडम, तो आकडा उद्या परत माझ्यापुढं आला तरी मी तशीच सही करीन."

मला वाटलं आता आत्या याला घालवणार. ती हसली. तिनं मला कपाटावरचे नकाशे काढायला सांगितले. त्यांनी ते इथंच, या पत्राच्या शेजारी टेबलावर पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं की शिरवण्यातलं वरच्या खोलीतल्या भावाचं घर कुठलं, आधी तिथं जाऊ. त्यांना हे कसं कळलं ते मी अजून विचारलं नाही. निशिगंधाताईंनी सांगितलं असेल.

ते लिफ्टचं दार धरून उभे आहेत आणि लिफ्ट किंचाळतेय. पत्र अर्धंच पाठवतो, बयाबाईंना आधी मला यांची ओळख करून द्यावी लागेल.

तुमचा, घाईतला आणि तुमच्या आशीर्वादाचा धनी,
शौनक